जावयाच्या वर्कशॉपमधल्या सासूबाई

एकेचाळीस वर्षं शिवणकाम करून टेलरबाईंनी दुकानाचं शटर शेवटचं ओढलं, तेव्हाही त्यांच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. सवयच तशी. गिऱ्हाइकाशी बोलताना, भांडताना, एवढंच काय, हसतानासुद्धा टाचण्या तोंडात. त्यामुळे त्यांचं बोलणं दातांच्या फटीतून, मोजकं आणि टोचेल असं यायचं. गल्लीत त्यांना पाठीमागे सगळे 'टाचणी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत. सुई तर नाही म्हणत? सुई आरपार जाते," एवढंच त्या म्हणायच्या.

दुकान बंद करण्यामागे काही डोंगर कोसळला नव्हता. लोक तयार कपडे घ्यायला लागले होते आणि बाईंकडे यायचे ते फक्त लांबी कमी करून घ्यायला. "चाळीस वर्षं शिवलं, आता नुसतं कापत बसू?" असं त्या एकदा लेकीला फोनवर म्हणाल्या. लेक एवढ्याचीच वाट बघत होती. तिने तिसऱ्या दिवशी गाडी पाठवली.

"आई, वरची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. आता तू फक्त आराम करायचा."

आराम हा शब्द बाईंना आजाराच्या कुळातला वाटायचा. पण लेकीचं मन मोडवेना. मोठी कात्री, मापाची टेप, शिलाई मशीन आणि कापडाच्या तुकड्यांचं एक गाठोडं घेऊन त्या निघाल्या.

लेकीचं घर वर्कशॉपच्या डोक्यावर होतं. खाली उंच पत्र्याची शेड, तेल पिऊन काळी झालेली फरशी, भिंतीवर मापाप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले पाने, आणि मधोमध इंजिन उचलायची साखळी. जावई डिझेलची इंजिनं आणि तेलाच्या दाबावर चालणारी अवजड यंत्रं दुरुस्त करायचा. क्रेन, डंपर, फोर्कलिफ्ट, खोदाईची मशिनं. ज्याला काही उचलायचं, वाकवायचं किंवा ढकलायचं असतं, ते सगळं कधी ना कधी त्याच्या दारात लंगडत यायचं. माणूस धिप्पाड. दारातून आत येताना आधी खांदे तिरके करायचा. त्याच्या हाताखाली म्हणावा असा एकच सोबती होता, पंपमामा. साठीला टेकलेला हा गृहस्थ डिझेलच्या पंपांचा उस्ताद होता, आणि आपल्यावाचून जगातलं एकही इंजिन सुरू होणार नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. लेक पुढच्या काउंटरवर बसून सुटे भाग विकायची आणि फोन घ्यायची.

वरच्या खोलीची एक खिडकी शेडमध्ये उघडत होती. पहिल्याच सकाळी बाईंनी ती उघडली. खाली हातोडे, शिव्या आणि हशा यांचा एकच गोंधळ चालला होता. त्यांना बरं वाटलं. त्या चहाची किटली घेऊन खाली उतरल्या आणि एकदम सगळं चिडीचूप झालं. जावयाने हातातला पाना खाली ठेवला. पंपमामाने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"सासूबाई आल्या," तो कुजबुजला, जसा काही साहेबच तपासणीला आलाय.

"चालू द्या ना," बाई म्हणाल्या.

"हो आई," जावई म्हणाला.

"चहा आणलाय."

"बरं आई."

"साखर कमी पडली तर सांगा, जावईबापू."

"नको आई."

अकरा वर्षं लग्नाला झाली होती, आणि अकरा वर्षांत जावयाने सासूशी जे बोलणं केलं ते या तीन वाक्यांत मावलं असतं. हो आई, बरं आई, नको आई. माणूस वाईट नव्हता, उलट मऊ होता. पण सासू समोर आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये सगळेच बाईंना सासूबाई म्हणायला लागले. पंपमामा त्यांच्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी लहान असेल, तोही सासूबाईच म्हणायचा.

सासूबाईंनी पंधरा दिवस आराम केला. सोळाव्या दिवशी लेकीला म्हणाल्या, "मला एक तर काम दे, नाही तर डॉक्टरांकडे ने."

"काय होतंय?"

"काहीच होत नाहीये. तेच होतंय."

खिडकीतून त्यांना एक गोष्ट रोज दिसायची. जावयाची डांगरी, म्हणजे कामाचा अंगभर पोशाख, पाठीत उसवलेली होती आणि पंपमामाचा खिसा एका टाक्यावर लोंबत होता. त्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी दोन्ही डांगऱ्या धुवायच्या नावाखाली पळवल्या आणि दुसऱ्या दिवशी परत केल्या त्या नव्या अवतारात: पाठीत दुहेरी शिवण, गुडघ्याला जाड अस्तर, मांडीवर पान्याचा लांब खिसा आणि छातीवर बॅटरी अडकवायला पट्टी. पंपमामाने डांगरी अंगात घातली, खाली बसला, उठला, पुन्हा बसला.

"काय बघताय, मामा?"

"गुडघे माझेच आहेत का ते बघतोय," पंपमामा म्हणाला.

एवढं झाल्यावर शेडच्या कोपऱ्यात सासूबाईंचं एक स्टूल आलं. कोणी ठेवा म्हटलं नव्हतं, कोणी काढाही म्हटलं नाही. त्या तिथे बसून चिंध्या कापायच्या, रबरी रिंगा मापाप्रमाणे डब्यांत लावायच्या आणि कामाकडे बघायच्या. माप घ्यायला त्यांना पट्टी लागायची नाही. "ही बावीसची, ही चोवीसची," असं म्हणत रिंगा टाकत जायच्या, आणि जावई कधी मुद्दाम मोजून बघायचा तर चोवीसची चोवीसच निघायची.

त्यांचं नशीब उघडलं ते गटारशेठमुळे. हा ठेकेदार गावभर सांडपाण्याचे पाइप टाकायचा, म्हणून त्याचं नाव तसं पडलं होतं. त्याच्या खोदाईच्या मशिनाचा लांब हात ज्या जाड नळकांड्याच्या जोरावर उचलला जातो, तो सिलिंडर गळत होता. आतून तेलाचा दाब येतो, दाब चकचकीत पोलादी दांड्याला बाहेर ढकलतो, आणि तेल दांड्याबरोबर बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी एक रबरासारखं चिवट सील असतं. सील खराब झालं की तेल झिरपतं आणि वर उचललेला हात आपोआप खाली येतो. जावयाने सील बदललं. आठ दिवसांत मशीन परत. पुन्हा बदललं. सहा दिवसांत परत. तिसऱ्या वेळी गटारशेठ स्वतः आला.

"सील बदलताय की नुसतं पुसून परत बसवताय?" तो शेडच्या दारातूनच ओरडला.

जावयाचा चेहरा लाल झाला. सासूबाई कोपऱ्यात होत्या म्हणून तो गप्प बसला, एरवी गटारशेठने कानांत बोटं घातली असती. त्याने सिलिंडर उघडला. सील पुन्हा फाटलं होतं, एका बाजूने, बारीक ओरखडून.

सासूबाई फाटलेलं सील हातात घेऊन उजेडाकडे गेल्या. वरखाली फिरवलं. मग गाठोड्यातून रेशमी अस्तराचा एक तुकडा काढून आल्या.

"जावईबापू, त्या दांड्याला हात लावू का?"

"तेलकट आहे, आई."

"मी विचारलं, हात लावू का?"

"बरं आई."

त्यांनी दांड्याभोवती रेशमी तुकडा गुंडाळला आणि दोन बोटांनी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवायला सुरुवात केली. आरशासारखा दांडा. त्यात त्यांचा चेहरा लांबुडका दिसत होता. अर्ध्याच्या थोडं पुढे कापड अडकलं. एक धागा ओढला गेला.

"इथे काटा आहे," सासूबाई म्हणाल्या.

जावयाने भिंग आणलं. काही दिसेना. त्याने नख फिरवलं आणि नख अडलं. दगडाच्या माऱ्याने पोलादावर केसाएवढा टवका उडून त्याची कड वर आली होती. प्रत्येक वेळी दांडा आतबाहेर होताना ती कड नवंकोरं सील कापत होती. त्याने बारीक दगडाने तेल लावून ती कड घासली. सासूबाईंनी रेशीम पुन्हा फिरवलं. या खेपेला ते लोण्यावरून गेल्यासारखं गेलं.

मशीन परत आलं नाही. महिना झाला, दोन महिने झाले. गटारशेठच एक दिवस आला आणि म्हणाला, "काय केलंत काय यावेळी?"

"रेशीम लावलं," जावई म्हणाला, आणि कोपऱ्याकडे बघून हसला. गटारशेठला वाटलं, चेष्टा करतायत.

त्यानंतर जावयाने आपणहून शिकवायला सुरुवात केली. तोंडाने कमी, हाताने जास्त. सील कुठल्या खाचेत बसतं, त्याची नाजूक कड कुठल्या बाजूला हवी, दाब आला की ती कड कशी फुलून दांड्याला चिकटते. सासूबाईंनी लगेच आपली नावं ठेवली. सिलिंडरच्या तोंडाशी जे लोखंडी कडं बसतं ते 'गळा', त्यातलं सील म्हणजे 'गळपट्टी', आणि नाजूक कड म्हणजे 'सुलट बाजू'. सगळ्यात अवघड काम सील गळ्यात बसवायचं. सील चिवट, खाच आत, आणि जागा इवलीशी. जावयाच्या राकट बोटांत ते माशासारखं निसटायचं. सासूबाई ते कोमट तेलात बुडवायच्या, अंगठ्याने मध्ये दाबून काजूच्या आकाराचं करायच्या आणि आत सोडायच्या. मग बोटाच्या एका वळणाने ते उलगडून खाचेत बसायचं. सुरकुती नाही, चुणी नाही.

"लहान मुलाच्या झबल्याची कॉलर उलटवताना असंच करतात," त्या म्हणाल्या. "फक्त तिच्यातून तेल गळत नाही."

सगळंच काही सरळ गेलं नाही. एकदा एका फोर्कलिफ्टचं सील त्यांनी बसवलं, मोठ्या अभिमानाने पंपमामाला इंजिन चालू करायला सांगितलं, आणि वर गेलेले लोखंडी दात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सावकाश खाली आले, जसा काही एखादा म्हातारा खुर्चीत बसतोय. तेलाचा ओहोळ सासूबाईंच्या चपलेपर्यंत आला.

पंपमामाने उघडून बघितलं. "सासूबाई, झगा उलटा घातलाय."

सासूबाईंनी पाहिलं. सुलट बाजू बाहेर गेली होती. त्यांचे कान तापले. चाळीस वर्षांत त्यांनी एकही बाही उलटी लावली नव्हती.

"उसवते," त्या म्हणाल्या, आणि पाना उचलला.

"कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणायचं होतं मला. आता म्हणत नाही," पंपमामा म्हणाला.

"म्हणा की. उलट्या झग्यावर शोभून दिसेल."

लेकीला हे सगळं काउंटरवरून दिसायचं. "आई, तू नक्की कुणाकडे राहायला आलीस? माझ्याकडे की त्याच्या सिलिंडरांकडे?" असं ती लटक्या रागाने विचारायची. पण आई पुन्हा जेवताना दोन घास जास्त खाते, जिना चढताना गुणगुणते, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिने आईसाठी जाड तळव्याचे बूट आणले. डांगरी सासूबाईंनी स्वतःची स्वतः शिवली, सात खिशांची.

आणि मग तो मंगळवार आला.

पालिकेची कचरागाडी आत उभी होती. तिचा कचरा दाबायचा फाळका जोर धरत नव्हता. इंजिन चालू होतं, तेलावर पूर्ण दाब होता आणि जावई मागच्या बाजूला दाबाचं घड्याळ बघत होता. सासूबाई बाजूने वाकून बघत होत्या. एका रबरी नळीजवळ त्यांना हवेत बारीक धुकं दिसलं, शिंक आल्यावर उडतं तसं. नळी तर सगळीकडे कोरडी होती. भोक कुठे आहे ते डोळ्यांना दिसेना. डोळ्यांना दिसलं नाही की काय करायचं, हे त्यांच्या बोटांना चाळीस वर्षं माहीत होतं. त्यांनी हात पुढे केला.

"ए! हात काढ! हात काढ म्हणतो ना, मूर्ख बाई!"

आवाज असा आला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सासूबाईंचा हात झटक्यात मागे आला. पंपमामाने धावत जाऊन इंजिन बंद केलं. काउंटरवरून लेक दाराशी येऊन उभी राहिली.

आपण कुणाला काय म्हणालो ते जावयाला हळूहळू समजत होतं.

"आई," तो म्हणाला. "मी... तुम्हाला..."

"का?" सासूबाई म्हणाल्या.

"माझी चूक झाली, आई, तोंडातून..."

"ते मरू दे. हात का काढायचा ते सांगा."

तो जवळ आला. त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, एकेक बोट तपासलं. मग म्हणाला, "नळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. त्यातून तेल इतक्या जोराने येतं की कातडीच्या आत घुसतं. सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं वाटतं. लोक पुसतात आणि घरी जातात. मग हात सुजतो आणि शेवटी कापावा लागतो. माझ्या गुरूचा गेला. हातमोज्यातून गेला, आई. माझ्यासमोर."

त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडला, लांब तारेला बांधला, सगळ्यांना चार हात लांब उभं केलं आणि पंपमामाला इंजिन लावायला सांगितलं. पुठ्ठा त्या धुक्यातून हळूच फिरवला. पुठ्ठ्यावर एक सरळ रेघ उमटली. इंजिन बंद करून त्याने तो सासूबाईंच्या हातात दिला. रेघ नव्हती ती. चीर होती, आरपार.

सासूबाईंनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. "माझी कात्री एवढी साफ कापत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, "कळलं. पुन्हा नाही."

दुपारी जावई जेवायला वर आला नाही. लेक बोलावून आली, तरी नाही. तो शेडच्या मागे जुन्या टायरवर डोकं धरून बसला होता. सासूबाई ताट घेऊन खाली गेल्या, त्याच्या शेजारच्या टायरवर बसल्या आणि ताट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"जावईबापू, एक सांगू? अकरा वर्षं झाली. आज तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात."

त्याने मान वर केली. त्या हसत होत्या. तोंडात टाचणी नव्हती, त्यामुळे हसू सगळं दिसत होतं.

"मामांवर तुम्ही दिवसातून दहा वेळा ओरडता. त्यांच्या हाताची तुम्हाला काळजी, म्हणून. मला मात्र हो आई, बरं आई. मला वाटायचं, मी काय इथे भिंतीवरचं कॅलेंडर आहे का?"

"तसं नाही, आई. मला तुमची भीती वाटायची."

"माझी? अहो, तुमच्या एका हातात मी मावेन!"

"पहिल्यांदा तुमच्या घरी आलो ना," जावई घास हातात धरून म्हणाला, "तेव्हा तुम्ही मला खालपासून वरपर्यंत बघितलंत. एक शब्द बोलला नाहीत. आणि मग आत जाऊन हिला म्हणालात, याला नुसत्या शर्टाला साडेतीन मीटर कापड लागेल. मला बाहेर ऐकू आलं."

सासूबाईंनी डोळे मोठे केले. "तुम्ही त्याच्यावर अकरा वर्षं बसून राहिलात?"

"मला वाटलं, तुम्हाला मी पसंत नाही."

"अरे देवा! मी हिला त्यानंतर काय म्हणाले ते नाही ऐकलंत?"

"नाही. पुढे तुम्ही दार लावलंत."

"मी म्हणाले, लागू दे साडेतीन मीटर, पहिला शर्ट मी शिवणार."

जावई असा हसला की ताटातली वाटी लवंडली. काय झालं ते बघायला लेक मागच्या खिडकीतून इतकी वाकली की खाली पडायचीच बाकी राहिली. त्या दिवसापासून वर्कशॉपचा जुना गोंगाट परत आला. सासूबाई खाली उतरल्या की आता कोणी बटण लावत नव्हतं. जावई त्यांना "आई, तो बत्तीसचा पाना फेका इकडे" म्हणायचा, आणि त्या म्हणायच्या, "फेकत नाही, हातात देईन, येऊन घ्या." 'तुम्ही' मात्र दोघांनीही सोडलं नाही. तेवढं बरं असतं.

दोन वर्षं अशी गेली. एका सकाळी दूरच्या साइटवर एका क्रेनचं इंजिन बंद पडलं म्हणून जावई आणि पंपमामा पहाटेच निघून गेले. नऊच्या सुमाराला दारात लाल रंगाची भलीमोठी गाडी येऊन थांबली. अग्निशमन दलाची शिडीगाडी. बरोबर पाच जवान आणि त्यांचे जाड मिशांचे प्रमुख.

या गाडीला चार पाय असतात. शिडी वर चढवण्याआधी ते बाहेर काढून जमिनीवर रोवावे लागतात, नाही तर गाडीच कलंडेल. त्यांतला मागचा डावा पाय टिकत नव्हता. रोवला की दहा मिनिटांत सुटून आत यायला लागायचा, आणि पाय ढिला पडला की शिडी जागची हलायची नाही.

"मेकॅनिक कुठे आहेत?" प्रमुखांनी विचारलं.

"समोर उभ्या आहेत," लेक म्हणाली.

प्रमुखांनी समोर बघितलं. सात खिशांच्या डांगरीतली, पिकल्या केसांची, त्यांच्या खांद्याला लागेल एवढी एक बाई चिंधीने हात पुसत होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खिशातून फोन काढला. जावयाचा आवाज एवढा मोठा की फोन कानापासून लांब असूनही सगळ्यांना ऐकू आला.

"आई आहेत ना तिथे? मग मला कशाला फोन करताय? मी असतो तरी ते काम त्यांच्याकडेच दिलं असतं!"

सासूबाईंनी चिंधी खिशात खोचली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण त्यांना त्याहून जास्त हसू येत होतं.

"तुमची पाच माणसं मला द्या," त्या प्रमुखांना म्हणाल्या. "ताकद तुमची, अक्कल माझी. आधी गाडीखाली ठोकळे लावा. इंजिन बंद. दाब पूर्ण सोडल्याशिवाय कोणी एक बोल्ट ढिला करायचा नाही. आणि कोणी बोटाने गळती शोधायची नाही, सांगून ठेवते."

जवानांनी घाम गाळून सिलिंडर काढला. गळा उघडायला दोघे जण पान्याला लोंबकळले. आतलं सील बाहेर आलं ते शिळ्या बिस्किटासारखं कडक. हातात घेताच तुकडा पडला. सासूबाईंनी दांड्यावरून रेशीम फिरवलं. साफ. नवं सील डब्यातून काढलं, कोमट तेलात बुडवलं, अंगठ्याने काजू केला आणि आत सोडला. पाचही जवान वाकून बघत होते. आत गेलेलं सील टप् करून खाचेत बसलं तेव्हा त्यांतला एकजण "वा!" म्हणाला, गाण्याच्या मैफलीत म्हणतात तसं. दांड्याच्या आट्यांवर सील घासू नये म्हणून त्यांनी वरून गुळगुळीत पट्टी गुंडाळली, कड सुलट आहे ना ते दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा लेकीला बघायला लावलं, आणि मगच बसवा म्हटलं.

इंजिन लागलं. पाय पाच-सहा वेळा सावकाश आतबाहेर करून त्यांनी आतली हवा काढून टाकली. मग पाय जमिनीवर रोवला, दांड्यावर खडूने खूण केली आणि सगळ्यांना चहा पाजला. प्रमुखांनी तीन वेळा घड्याळ बघितलं. अर्ध्या तासाने सासूबाई खाली वाकल्या. खूण जिथे होती तिथे होती. केसभरही हलली नव्हती.

"शिडी चढवून बघा आता," त्या म्हणाल्या.

"शिडीच्या टोकाच्या पाळण्यात कोण जातंय?" प्रमुखांनी आपल्या माणसांना विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"आई!" लेक म्हणाली.

"काम मी केलंय. माझा माझ्या कामावर विश्वास नसेल तर यांच्या पोरांनी का ठेवावा?"

प्रमुखांनी क्षणभर विचार केला आणि जवानाला पट्टा आणायला सांगितलं. सासूबाईंच्या कमरेला पट्टा बांधला, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं. ते भुवयांपर्यंत आलं. "याला आतून पट्टी शिवायला हवी," त्या पुटपुटल्या. शेजारी एक तरुण जवान उभा राहिला, आणि शिडी वर निघाली.

पत्र्याची शेड खाली गेली. लेक छोटी झाली, प्रमुखांच्या मिशा दिसेनाशा झाल्या. आयुष्यभर सासूबाईंनी जमिनीपासून जास्तीत जास्त दुसऱ्या मजल्याएवढं वर जाऊन पाहिलं होतं. आता छपरांची रांगच्या रांग पायाखाली आली. दोऱ्यांवरचे कपडे, पाण्याच्या टाक्या, उन्हात वाळत घातलेल्या गाद्या, आणि पलीकडे आतापर्यंत त्यांना माहीतच नसलेलं एक निळंशार तळं. वारा डांगरीत शिरून ती फुगली. पाळणा स्थिर होता. पाय धरून होता. त्यांना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, म्हणून त्या ओरडल्या. काय ओरडल्या ते कोणालाच कळलं नाही. जवानही मग हौसेने ओरडला.

पुढे शिडीगाडीचीच नव्हे, दलाच्या सगळ्या गाड्यांची सिलं सासूबाईंकडेच यायला लागली, आणि प्रमुख स्वतः लोकांना सांगत फिरायला लागले. पण ते सगळं नंतर. त्या वेळी रस्त्याच्या टोकाला जावयाची गाडी वळताना दिसली, आगपेटीएवढी. ती थांबली. जावई उतरला, त्याने वर बघितलं, डोक्याला हात लावला आणि मग दोन्ही हात वर करून गोल गोल हलवायला लागला. पंपमामा तर भर रस्त्यात नाचत होता. सासूबाईंनीही हात हलवला.

"काकू, खाली घेऊ का आता?" जवानाने विचारलं.

"थांब रे बाळा," त्या म्हणाल्या. त्या पलीकडच्या एका गच्चीकडे बघत होत्या. तिथे दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते, आणि त्यांतला एकजण दुसरा पाणी प्यायला वळला की गुपचूप प्यादं पुढे सरकवत होता. "तो टोपीवाला आता दुसऱ्यांदा लबाडी करणार आहे. तेवढं बघू आणि मग उतरू."